केळीच्या सोपटांवरचा ब्रेक डान्स

सावद्याला आलो तेव्हा शाळा सुटून वर्ष झालं होतं. मी धुळ्याकडचा. बोलण्यात 'आहे'च्या जागी 'शे' आला की केळी भरणारी टोळी हसायची, "आला बघा शे-शे!" पण टोळीचे मुकादम, नाना, यांनी ठेवून घेतलं, झोपायला शेडचा कोपरा दिला. तो आसरा जाईल ही धास्ती मला कायम असायची. घरी खाणारी तोंडं आधीच जास्त होती.

टोळीत माझ्याच वयाचा रावेरचा एक जण होता. त्यानं स्टँडमागच्या व्हिडिओ सेंटरात ब्रेक डान्स पाहिला आणि दुपारी, ट्रक यायच्या आधी, शेडमध्ये मला शिकवायला लागला. खांद्यापासून बोटांपर्यंत लाट न्यायची. "कोपर मेलं का भो तुझं?" असं ओरडायचा. नाचताना तेवढा वेळ पोटातली धास्ती गप्प बसायची. त्याचे उपकार मानतो मी.

मग पाठीवर गिरकी घ्यायचं वेड लागलं. फरशीनं पाठ सोलून निघायची. गुळगुळीत काय असतं हे केळीच्या मुलखात कुणी सांगायला नको. कापलेल्या केळीच्या खांबांची सोपटं, म्हणजे जाड साली, आणली, आतली ओली बाजू वर करून अंथरली. अशा गिरक्या लागल्या की म्हातारे हमालही बघत बसले. सदऱ्यावर चिकाचे काळे डाग पडले ते गेलेच नाहीत. नानांच्या बायको, अक्का, म्हणाल्या, "वरातीत नाचशील तेव्हा दुसरा घाल रे बाबा."

जिथं पाठ सरकते तिथं हातही सरकणार, एवढं साधं डोक्यात आलं नाही. हुरूप आला आणि त्याच सोपटावर एका हातावर उभा राहायला गेलो. मनगट अंगाखाली मोडलं.

नानांनी हाडवैद्याकडं नेलं. पट्ट्या बांधल्या होत्या तोवर मला ट्रकमध्ये पाला अंथरायला लावलं. माझ्या वाटचे घड रावेरवाला वाहायचा. त्याचा खांदा सुजला, नाच बंद झाला. मला एक शिवीही दिली नाही.

"नाना, नाच्याला जावई करून घेता का?" माझ्यावरची मर्जी बघून कुणीतरी विचारलं.

"तू घड उचल," नाना म्हणाले.

पट्ट्या सुटल्या, पण तळहात आभाळाकडं वळेना. घड खांद्यावर घेतला की खालून तळहाताचा आधार लागतो. त्याशिवाय हमाली नाही. मी कुणाला सांगितलं नाही. आडोशाला जाऊन हात पिळत बसायचो.

ऐन हंगामात नाना म्हणाले, "आज उचलून बघ."

घड खांद्यावर आला. दोन पावलं गेलो. हात वळला नाही, घड सुटला, फण्या शेडभर झाल्या. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं.

"नाना, घरी नका धाडू."

नाना उकिडवे बसून फण्या गोळा करत होते. वर न बघता म्हणाले, "हात नाही तर काय करू रे पोरा? बाकीच्यांनी किती दिवस वाहायचं?"

खरंच होतं ते.

निघताना अक्कांनी भाकऱ्या बांधून दिल्या. फडकं परत द्यायला सोडू लागलो तर म्हणाल्या, "फडकं राहू दे तुलाच."