वायंगणानंतरची नखं

पौष संपता संपता वायंगणाची लावणी उरकली, तेव्हा माझी नखं कुणाला दाखवण्यासारखी राहिली नव्हती. वायंगण म्हणजे थंडीतलं भात. पावसाळी भात कापून झालं की खाडीकाठच्या खोलगट मळ्यात ओहोळाचं पाणी वळवून आम्ही हे दुसरं पीक घ्यायचो. सकाळच्या गार चिखलात मनगटापर्यंत हात बुडवून रोपं लावायची, दुपारी त्याच हातांनी मासळी साफ करायची आणि संध्याकाळी राखेने भांडी घासायची. नखांच्या कडा मऊ पडून सोलवटायच्या. अंगठ्यांची नखं तर मांसापासून सुटून वर उचलली गेली होती आणि त्यांच्याखाली बसलेला काळा चिखल काही केल्या निघत नव्हता. त्या वर्षी मधल्या बोटाला नखुरडंही झालं होतं. बोटावर लिंबू खोचून मी फिरत होते.

ही गोष्ट साठ सालाच्या आगेमागेची. मी विशीत होते. वडील गलबतावर होते, ते मी लहान असतानाच गेले. दादा मुंबईला एका गोदामात नोकरीला होता आणि कुठल्याशा गाळ्यात दहा-बारा जणांबरोबर राहत होता. गावच्या घरात आम्ही तिघी: दम्याने जेरीस आलेली आई, दादाची बायको म्हणजे माझी वहिनी, आणि मी. शिवाय वहिनीची रांगती मुलगी. दादा गणपतीला आणि शिमग्याला यायचा, तोही मोजके दिवस.

वहिनी शिरोड्याची. पण तिचं लहानपण मुंबईत गेलं होतं. तिथे त्यांच्या शेजारी एक गोव्याची बाई राहायची. ती फोर्टातल्या कुठल्याशा दुकानात मड्डमांची नखं कापून, घासून, रंगवून द्यायची. लहानपणी वहिनी तिच्या पायाशी बसून सगळं बघायची. लग्न होऊन आमच्याकडे आली तेव्हा तिच्या ट्रंकेत एक छोटी पोलादी कानस होती. बाकी बायकांना त्या कानशीचं हसू यायचं.

माझा हात पहिल्यांदा हातात घेतला तो तिने. मी मागच्या पडवीत लिंबू काढून बोट बघत होते. ती शेजारी येऊन बसली.

"ह्या काय करून ठेवलंस गो नखांचा?" ती म्हणाली. "माझी आवस चैतात तुका बगूक येतली. तिची नजर पयली हातार जाता. रांदतल्या बायचे हात, म्हणता, नखांपासून बगूक होये."

मला कानावर विश्वासच बसेना. तिची आवस, म्हणजे आई, मला बघायला येणार होती; आपल्या धाकट्या भावासाठी वहिनी मला मागणी घालत होती. तो शाळेत मास्तर होता. भाचीच्या बारशाला आमच्याकडे आला होता. विहिरीवर मी पाणी शेंदत होते, तर न बोलता त्याने रहाटाची दोरी माझ्या हातातून घेतली, दोन्ही कळश्या भरून ठेवल्या आणि मग म्हणाला, "तुम्ही आमच्या ताईक खूप जपतास, ती सांगता." एवढंच. पण मला ते खूप दिवस पुरलं होतं.

"आयेक विचारलंस?" मी म्हटलं.

"विचारलंय. आये होय म्हणाली. आता तू चिखलात हात घालूचो नाय."

आणि खरोखरच तिने मला चिखलात हात घालू दिला नाही. मळ्यातली निंदणी ती एकटी करायला लागली. मासळी तिने स्वतःकडे घेतली, भांडीही. मी मुलीला सांभाळायची, आईला काढा करून द्यायची, भात शिजवायची. दुपारी आई डुलकी घेत असताना वहिनी मला पडवीत बसवायची. कोमट पाण्यात मिठाचा खडा टाकून त्यात माझी बोटं बुडवून ठेवायची. मग मऊ फडक्याने टिपायची, सुटलेलं नख धारदार कातरीने थोडंथोडं कापायची, ओढायची कधीच नाही. नखांच्या मुळाशी चढलेली कातडी नारळाच्या हिराच्या काडीने हळूच मागे सारायची. शेवटी मुठेल. कोकमाच्या बियांचं हे तेल आमच्याकडे मुठीने वळून ठेवतात. ते दगडासारखं घट्ट होतं. पायांच्या भेगांना लावायची ही वस्तू, पण वहिनी ती पळीत पातळ करायची आणि एकेका बोटाला जिरवत बसायची. तिची स्वतःची नखं तोवर माझ्यासारखी झाली होती. मी म्हणायची, "तुझ्या हातांक पण लाव मां." ती हसून म्हणायची, "माका आता कोण बगूक येता?"

माघात नखांच्या मुळाशी नवं, गुलाबी नख दिसू लागलं. जुनं काळपट टोक पुढे सरकत होतं आणि मागून हे कोवळं येत होतं. मी दिवसातून कितीदा तरी हात उन्हात धरून बघायची. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याच अंगाचा एखादा भाग मला सुंदर वाटत होता. आणि ते वहिनीमुळे होतं, हेही मनात असायचं. मला बहीण नव्हती. ती जागा तिने घेतली होती, असं मी तेव्हा धरून चालले होते.

शिमग्याला दादा आला. या खेपेला तो वेगळाच खूश होता. त्याला परळला खोली मिळाली होती, छोटीशीच, पण स्वतःची. ते ऐकून वहिनी चुलीपुढून उठली आणि पदर तोंडाला लावून परसात गेली. तिला रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मलाही आनंद झाला. दादाने तिच्यासाठी नखांना लावायच्या लाल रंगाची एक बारकी बाटली आणली होती. तिनेच मागवली होती. ती तिने माझ्या हातात दिली. "चैताक लावया," म्हणाली.

त्यानंतर दोन-तीन दिवस आई, दादा आणि वहिनी माजघरात हळू आवाजात बोलत बसायचे. मी आत गेले की गप्प व्हायचे. माझ्याच लग्नाचं बोलतात असं वाटून मी लाजून बाहेर निघायची. ते आठवलं की आजही माझे कान तापतात.

दादा मुंबईला परतला. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "सगळा बरा होतला." वहिनी दिवस पक्का करायला म्हणून मुलीला घेऊन शिरोड्याला जाऊन आली. पाडव्यानंतरचा सोमवार ठरला, असं तिने सांगितलं. परत आल्यावर ती माझ्या हातांची आणखीच काळजी घेऊ लागली. बोटं चोळता चोळता मध्येच थांबायची आणि कुठेतरी बघत राहायची. मी विचारलं तर म्हणायची, "काय नाय."

त्या सोमवारी तिने माझी नखं कानशीने गोल केली आणि लाल रंग लावला. अंगठ्यांची टोकं अजून पुरती भरली नव्हती, तीही रंगाखाली झाकली गेली. आईची जांभळी इरकल मी नेसले. गोडाचा शिरा केला, पोहे भिजवून ठेवले. घरात सगळीकडे सारवणाचा ओला वास होता. मी हात मांडीवर उताणे धरून बसले होते, कशाला लागून रंग खरवडू नये म्हणून.

कुणी आलं नाही. दुपार टळली. वहिनी म्हणाली, "मोटार चुकली आसतली." तिन्हीसांजेला मी साडी बदलली. शिरा आम्ही तिघींनी खाल्ला आणि बाकीचा शेजारी वाटला. दोन-चार दिवसांनी वहिनी म्हणाली, शिरोड्याहून निरोप आला, पत्रिका जमली नाही. मला वाईट वाटलं, पण राग आला नाही. पत्रिकेवर कुणी काय रागावणार? उलट मीच तिला समजावत होते की तू मनाला लावून घेऊ नकोस. तिने मान खाली घातली, आणि मला वाटलं माझ्या दुःखाने घातली.

वैशाखात पावसाळ्याची बेगमी करायला मी वेंगुर्ल्याच्या बाजाराला गेले. कांदेवाल्यापाशी वहिनीची आई उभी दिसली. मी वाकून नमस्कार केला. तिने मला उठवलं आणि माझे दोन्ही हात धरून डोळ्यांजवळ नेले. बाजाराच्या मध्यावर, भर गर्दीत, ती माझी नखं उलटसुलट करून बघत होती.

"हत् गो," ती म्हणाली, "ही तर बरी दिसतत."

"वहिनीन लय केल्यान मावशी," मी म्हटलं.

"ता खरा. पण रोग मुळातलो आसा मां? पोरीन माका सगळा सांगितल्यान. तुझ्या आयेकय तसाच होता, आजयेकय. दर थंडीत नखां गळान पडतत, आणि घराण्यातला ता जायत नाय. माझो झिल तयार होतो गो. माका कायेक चालात, म्हणा होतो. मीच नको म्हटलंय. हातांक रोग आसलेल्या सुनेच्या हातचा जेवण..." मग माझ्या पिशवीत चार आमसोलं घालून म्हणाली, "वायट वाटान घेव नको बाय."

माझ्या आईची नखं शिंपल्यासारखी स्वच्छ होती. आजीची मी पाहिलीही नव्हती.

घरी कशी पोचले ते मला आठवत नाही. वहिनी अंगणात कोकमांना मीठ लावत बसली होती. लाल रसाने तिचे हात कोपरापर्यंत माखले होते. मी पिशवी खाली ठेवली आणि विचारलं, "माझ्या नखांक रोग आसा असा तू तुझ्या आवशीक सांगलंस?"

ती नाही म्हणेल, असं मला शेवटपर्यंत वाटत होतं. ती म्हणाली, "होय. सांगलंय."

"कित्याक?"

"लगीन झाल्यापासून मी हयच रवलंय. घोव वरसाक पंदरा दिवस. माझी पोर बापाशीक बगून रडता, वळखना नाय. आता खोली गावली. तू लगीन होवन गेलं असतंस तर आयेकडे कोणी रवाचा? मीच मां? परत मीच?"

"माका विचारूचा होता."

"विचारला असता तर तू होय म्हटला असतंस?"

मी होय म्हटलं असतं का? खरं सांगायचं तर ते मला आजही ठरवता येत नाही. पण विचारायला हवं होतं, एवढं मला तेव्हाही कळत होतं.

"मगे माझी नखां कित्याक करी रवलंस? शिरोड्यासून येवन सुदा?"

तिने कोकमं टोपलीत टाकली आणि प्रथमच माझ्याकडे पाहिलं. "सुरवातीक खऱ्यान करी होतंय. तू माझी भावजय होवची म्हणान. मगे सगळा फिरला. पण तुझो हात हातात घेवक नाय तर तुका संशय येतलो, ह्या भीतीन करी होतंय. आणि सोडूक जमला नाय."

मी तिच्यावर ओरडले नाही. आत आईकडे गेले. आई बाजेवर उशीला टेकून बसली होती, अंगणातलं सगळं तिला ऐकू गेलं होतं. मी म्हटलं, "आये, वहिनीन माझा लगीन मोडल्यान."

आई धापा टाकत म्हणाली, "तिका जावंदे मुंबैक. दादान सांगितल्यान, तुझा लगीन आता नको, तसाच करूया म्हणान. माका तुज्याशिवाय कोण आसा गो?"

वहिनीचं कळल्यावर मी उभी होते, आईचं कळल्यावर मात्र बसले. म्हणजे माजघरात हळू आवाजात बोलणं चाललं होतं, ते हे. डोक्यावर हात ठेवताना दादालाही ठाऊक होतं. सगळ्या घराला ठाऊक होतं; मी एकटीच उन्हात नखं बघत बसले होते.

पावसाआधी वहिनी मुलीला घेऊन मुंबईला गेली. निघताना मी मुलीचा पापा घेतला, वहिनीशी बोलले नाही. शिरोड्याच्या मास्तरांचं त्याच वर्षी तुळशीच्या लग्नानंतर लग्न झालं. पुढची सगळी वायंगणं मी लावली, आईचं औषधपाणी केलं. तिच्याशी मी गोड वागले की कडू, हे मला सांगता येणार नाही. कधी पाठ चोळताना माझा हात जड पडायचा आणि ती बाजेची कड धरायची.

आई गेली तेव्हा दादा आणि वहिनी आले. तोवर त्यांना आणखी दोन मुलं झाली होती. तेराव्यानंतर दादा ओसरीवर माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, "आता हय एकटा कित्याक रवतंस? चल आमच्यावांगडा. तुका काय कमी पडूचा नाय."

वहिनी दारात उभी होती.

"कित्याक?" मी म्हटलं. "पोरां सांभाळूक?"

दादाचा चेहरा पडला. "तसा नाय गो," तो म्हणाला, आणि खांद्यावरचा टॉवेल झटकत उठला. कदाचित खरंच तसं नसेल. मला ते ओळखायची सोय राहिली नव्हती. त्यांचं कुठलंही गोड बोलणं ऐकलं की त्यामागे कुणाची काय अडचण आहे ते मी शोधू लागायची. आजही शोधते. माणसं माझ्याशी चांगली वागली की मी आधी त्यांच्या चेहऱ्याकडे बघते.

त्यांना मोटारीवर सोडून मी परत आले. मळा अर्धेलीने शेजाऱ्यांना दिला आणि पाऊस सुरू व्हायच्या आत सावंतवाडीला गेले. तिथे एका कारखान्यात लाकडी फळं रंगवायला बायका लागत होत्या. मालकाने माझ्या हातांकडे पाहिलंही नाही. "ब्रश धरूक येता?" एवढंच विचारलं. येत नव्हता. "शिकतलंय," मी म्हटलं, आणि चटईवर जागा करून बसले.