कपाटातली बाटली

आमच्या मुलुंडच्या कॉलेजात माझ्याबरोबर संशोधन करणारी एक मैत्रीण टायटॅनियमच्या पांढऱ्या भुकटीवर किंचित चांदी चढवायची. अशी भुकटी उन्हात रंगीत पाणी लवकर स्वच्छ करते, हे तिला दाखवायचं होतं. गच्चीवर बाटल्या मांडून, डोक्यावर पदर घेऊन ती घड्याळाकडे बघत बसायची. बोलायला गेलं की म्हणायची, "थांब रे, ऊन जाईल."

एकदा निळं पाणी झकास नितळ झालं. सर म्हणाले, "आता लिहून काढा." तिने मात्र तेच निळं पाणी आणि भुकटी घातलेली आणखी एक बाटली कपाटात, अंधारात ठेवली. तीही नितळ झाली. म्हणजे रंग उन्हाने नाहीसा होत नव्हता, नुसता भुकटीला चिकटत होता.

मी म्हटलं, "सरांना कळलंही नसतं."

बाटल्या विसळत ती म्हणाली, "मला कळलं ना. तो ब्रश दे."