पोस्ट फोरचा तीन वाजताचा आवाज

फौजेत पाच वर्षं काढली, गुडघा गेला, मेडिकल बोर्डाने घरी पाठवलं. मग निघोज्याजवळच्या एका कारखान्यात कंत्राटी सिक्युरिटी गार्ड झालो. माझी पोस्ट थ्री, मालाचं गेट. पोस्ट फोर मागच्या भंगार यार्डाच्या गेटवर. तिथे हवालदार ज्ञानोबा डोईफोडे. वीस वर्षं इन्फन्ट्री, मूळ बीडकडचे, राहायला दापोडीत. आम्ही त्यांना उस्ताद म्हणायचो. दोन पोस्टमध्ये चारशे पावलं आणि पेंट शॉपची भिंत. एकमेकांना दिसायचो नाही.

ड्यूटी सात ते सात. दर तासाला कंट्रोल रूम वायरलेस सेटवर प्रत्येक पोस्टला हाक मारायची. "ओके" म्हणायचं, ते लॉगबुकात चढायचं. उत्तर नाही आलं तर गैरहजेरी. संडास मात्र मेन गेटला आणि रिलीव्हर, म्हणजे बदली माणूस, नाही. बारा तास माणसाने काय करावं, हे कंत्राटदाराने एसीत बसून ठरवलं होतं. म्हणून आम्ही रीत पाडली. शेजारचा जागेवरून उठला की त्याच्या आवाजात आपण ओके द्यायचं.

उस्तादांना हे पटत नव्हतं.

"फौजेत जोडीच्या बडीला बघितल्याबिगर रिपोर्ट देत होतास का?"

"इथं फौज कुठंय, उस्ताद?"

"मंग गुडघ्यासंगं अक्कलबी जमा करून आलास का लेका?"

दुपारी दोन हाकांच्या मधे जेवायला ते चारशे पावलं चालून माझ्याकडे यायचे, कारण माझा गुडघा सुजलेला असायचा. भाकरी अर्धी करायचे. मी लिहिलेली युनियनची पत्रकं वाचायचे आणि म्हणायचे, "शब्द लई झालेत. गोळी एकच मार, पण लागू दे."

तो मे महिना होता. पोस्ट फोरची केबिन पत्र्याची, पंखा आठ दिवस बंद, तक्रार दोनदा दिलेली. तेरा वाजता उस्ताद स्वतः बोलले, "पोस्ट फोर, ओके." जेवायला आले नाहीत. म्हटलं, ऊन आहे.

चौदा वाजता.

"कंट्रोल टू पोस्ट फोर."

उत्तर नाही.

"पोस्ट फोर, रिपोर्ट."

मी आवाज जाड केला. "पोस्ट फोर, ओके."

पंधरा वाजता पुन्हा तेच. या खेपेला मला हसू आलं. उस्ताद झोपले, संध्याकाळी चिडवायचं, असं ठरवलं.

पंधरा चाळीसला भंगाराच्या ट्रकचा ड्रायव्हर चालत माझ्या गेटवर आला. "भावा, मागचं गेट कोन उघडत न्हाई. आत बाबा बसल्यात, हलत न्हाईत."

उस्ताद केबिनच्या भिंतीला टेकून बसले होते. बूट बांधलेले. सेट हातात. एका वेळी एकच सेट बोलू शकतो. मी त्यांच्या नावाने बोलत असताना त्यांनी बटण दाबलं असेल, तर ते कोणाला ऐकू गेलं नसणार. दाबलं होतं की नाही, कळायला मार्ग नाही.

डॉक्टर म्हणाले, उष्माघात. जाऊन तास उलटून गेला.

कंत्राटदाराच्या माणसाने लॉगबुक पुढे केलं. तीनला गार्ड ठीक होता, मग अचानक काय झालं त्याला आम्ही जबाबदार नाही. मी पत्रक काढलं. पत्रा, पंखा, संडास, बारा तास, सगळं लिहिलं. त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. गेटवर सर्वांत मोठ्याने मीच ओरडलो, "हा खून आहे." पण ते लॉगबुक खोटं आहे, हे ठामपणे सांगू शकणारा माणूस एकच होता, आणि तो घोषणा देत होता. नोकरीची भीती होतीच. त्याहून जास्त भीती युनियनची पोरं माझ्याकडे कसं बघतील याची होती.

महिन्याने दापोडीला उस्तादांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नीने, काकूंनी, चहा ठेवला. म्हणाल्या, "तीनपर्यंत बोलत व्हते, एवढं बरं. लई तळमळले नसतील."

तेव्हा सांगितलं. तीनला मी होतो. दोनलाही मीच.

काकूंनी गॅस बंद केला.

"दोनला जित्ते व्हते का?"

"माहीत नाही, काकू."

"त्येबी लिव्ह. बाकीचं लई लिव्हलंस."

चहा त्यांनी दिला नाही. मी मागितला नाही.

लॉगबुकाबद्दलचा जबाब मी सहीनिशी दिला आहे. नोकरी गेली. पोरं बोलतात, पण कमी. ते बरोबर आहे.

हवालदार ज्ञानोबा डोईफोडे तेरा वाजता ओके बोलले. त्यानंतर पोस्ट फोरवरून कोणी बोललं नाही.