गुलनाजची पिवळी रेघ

गुलनाज, हे वाचताना तू म्हणशील, "बाई, माझ्यावर काहून लिहिलं?" म्हणून आधीच सांगते, मध्ये बोलू नकोस. तू एरवीही फार सावकाश बोलतेस, तेवढ्यात माझी दोन पानं होतात.

आखाडा बाळापुरात तू अजून खाजा मिया सुताराची पोरगी आहेस. गणितात एम.एस्सी. केलंस, हे लोकांना एकदम तुझ्या लग्नपत्रिकेत दिसेल. तुझी शिकवणी वडिलांच्या कारखान्यातच. मागे रंधा चालतो, पुढे बारावीची आणि बी.एस्सी.ची पोरं दारांच्या उरलेल्या लाकडाच्या बाकांवर बसतात आणि घरी जाताना पाठीवरचा भुसा झटकतात. मी शेजारीण. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं, आता संध्याकाळी टीव्हीपुढे बसण्यापेक्षा तुझ्या शेवटच्या बाकावर बसते. माझं स्वतःचं गणित कॉलेजच्या पहिल्या वर्षालाच संपलं होतं, पण तुझे आलेख बघायला मला आवडतं.

परिमेय फलन म्हटलं की पोरं गडबडतात. वर एक बहुपदी, खाली एक बहुपदी, मध्ये भागाकाराची रेघ. पोरं लगेच बिंदू मांडत सुटतात आणि वक्र मध्येच आभाळात का गेला हे त्यांना कळत नाही. तू त्यांचा हात धरतेस. आधी खालचा भाग शून्य कुठे होतो ते बघा, म्हणतेस. तिथे एक उभी रेघ. मग एक्स खूप लांब गेला की किंमत कुठे टेकते ते बघा. तिथे एक आडवी रेघ. पुस्तकात त्यांना अनंतस्पर्शी म्हणतात. वक्र त्यांच्या जवळ जवळ जात राहतो. या रेघा पक्क्या झाल्या की निम्मा आलेख झाला.

पण खडूने तुझी रेघ वाकडी यायची. मग तू वडिलांचं सूत उचललंस. सुतार दोऱ्याला गेरू चोळतो, दोन टोकांना ताणून धरतो आणि मध्ये चिमटीने उचलून सोडतो. लाकडावर सरळ रेघ उमटते. फळ्यावरचा गेरू पुसता पुसेना, म्हणून तू घरातली हळद घेतलीस. टोक धरायला एक पोरगी, सोडायला तू, आणि फळ्यावर पिवळीधमक रेघ. तुझ्या अम्मीने, नजमुन्निसाबींनी, हळदीचा डबा वरच्या फळीवर नेऊन ठेवला. तू स्टूल घेतलंस.

बोटं कायमची पिवळी. एसटीत बायका विचारायच्या, हळद कोणाची होती? तू खरं सांगायचीस, गणिताची, आणि त्या सरकून बसायच्या.

सुताबरोबर वडिलांचा नियमही तुझ्या वर्गात आला. सुताच्या पलीकडे करवत गेली की चौकट फुकट, हे तू लहानपणापासून ऐकलेलं. तू पोरांना सांगितलंस, पिवळ्याला शिवायचं न्हाई. पोरं ते घोकायची. कुणाचा वक्र रेघेला लागला की तुझ्याआधी तीच ओरडायची. मलाही त्यात काही खटकलं नाही.

मग हिंगोलीच्या एका कॉलेजात गणिताची जागा निघाली. तासिका तत्त्वावरची, पण जागा. तुझ्या वडिलांचे गुडघे गेलेले, रंधा आता तासभरही चालत नाही. ही जागा तुला हवीच होती. नमुना पाठ द्यायचा होता. मी बरोबर आले. वयाकडे बघून मला कुणी वर्गातून उठवलं नाही. कारकुनाने तुझी बोटं बघून लग्नाच्या शुभेच्छा दिल्या, तू आभार मानून मोकळी झालीस.

समोर खरी मुलं, मागे प्राचार्य आणि बाहेरून आलेले एक तज्ज्ञ. तज्ज्ञांनी फलन दिलं. वर एक्सचा वर्ग अधिक एक्स, खाली एक्सचा वर्ग वजा चार. तू खूश झालीस, मी मानेवरून ओळखलं. पुढच्या बाकावरच्या प्रतिक्षा नावाच्या मुलीला सुताचं टोक दिलंस. दोन उभ्या रेघा, दोनला आणि उणे दोनला. एक आडवी, एकवर. प्राचार्यांनी खिशातला रुमाल काढून नाकाला लावला. आणि तू ठणकावून सांगितलंस की पिवळ्याला शिवायचं नाही.

मग बिंदू. उणे तीनला सहा भागिले पाच, म्हणजे आडव्या रेघेच्या वर. उणे पाचला वीस भागिले एकवीस, म्हणजे रेघेच्या खाली. दोन्हींच्या मध्ये उभी रेघ नाही, तुटायला जागा नाही. वक्राला वरून खाली जायचं तर पिवळ्यातूनच जावं लागणार.

प्रतिक्षा म्हणाली, "मॅडम, हे खाली कसं गेलं?"

तू परत फळ्याकडे वळलीस. मला वाटलं, आता ही बिंदू पुसणार, आकडेमोड चुकली म्हणणार आणि सोपं उदाहरण घेणार. दुसऱ्या कुणी तेच केलं असतं. तू उणे चारची किंमत मांडलीस. वर बारा, खाली बारा. एक. बिंदू बरोबर पिवळ्या रेघेवर बसला.

"मी आत्ता तुम्हाला चूक सांगितलं," तू म्हणालीस. "आणि माझ्या गावातल्या पोरांना दोन वर्षं चूक सांगून राहिले. उभी रेघ ओलांडता येत नाही, तिथं खाली शून्य येतं, किंमतच नाही. आडवी रेघ फक्त लांबचं सांगते. मधल्या गावांत वक्र तिला ओलांडू शकतो."

मग तू तळहाताने आडव्या रेघेचा उणे चारपाशी तुकडा पुसलास आणि त्यातून वक्र नेलास. हात पिवळा, ओढणी पिवळी. तज्ज्ञांनी वहीत तोच आलेख काढून घेतला. प्राचार्यांनी मात्र विचारलं की फळा कोण पुसणार.

जागा तुला मिळाली. फळा स्वतः पुसायचा, ही अट तोंडी.

त्याच संध्याकाळी तू बाळापूरच्या वर्गात जाऊन नियम मागे घेतलास. पोरं भलतीच चिडली. घोकलेलं सोडायला कुणालाच आवडत नाही. मागून रंधा थांबला. सगळं ऐकून खाजा मिया म्हणाले, "सूत ओलांडलं तरी नोकरी लागली? माझी चौकट तर लोक परत आणून टाकतात."

"अब्बा, ते लाकूड न्हाई."

"म्हणून वाचलीस, बेटा."

परत येताना एसटीत मी तुला एक तोडगा सुचवला होता. उभ्या रेघेला हळद, आडवीला नीळ. कपड्यांची नीळ, कोरडी पूड. पिवळं म्हणजे शिवायचं नाही, निळं म्हणजे बघून ओलांड. तुला पटलं. दोघींनी मिळून हिंगोलीच्या बाजारातून पुडी आणायची ठरली, कारण तुला नीळ पारखता येत नाही आणि मला दुकानदार फसवतो. आधी तुझं कॉलेज सुरू झालं, मग माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं, मग परीक्षा, मग रमजान, मग कोणाचं तरी लग्न, खऱ्या हळदीचं.

अजून दोन्ही रेघा पिवळ्याच. परवा तुझ्या वर्गात बघितलं, पोरं आडव्या रेघेशी पोचली की पेन थांबवतात, किंमत काढून बघतात आणि मग ठरवतात.

नीळ कुठल्याही किराणा दुकानात मिळते. आपण दोघी अजून गेलो नाही.