जशी आहे तशी आणा

सन एकोणीसशे पंचाण्णव. माझं वय तेव्हा सत्तावन्न. हिमायतनगरात माझं भाड्याच्या सायकलींचं दुकान होतं आणि ते मरायला टेकलं होतं. तासावर सायकल नेणारी कॉलेजची पोरं मोपेडवर फिरायला लागली होती. समोरचं किराणा दुकान जाऊन तिथं टीव्हीचं शोरूम आलं होतं. काचेत ओळीनं टीव्ही, दिवसभर चालू, बघायला कुणी असो नसो. लोक म्हणायचे, देश उघडा झाला. झाला असेल. माझ्याकडे गिऱ्हाईक यायचं ते हवा भरायला, तेवढंच.

मी चौथी शिकलो, तीही निजामाच्या राज्यात, उर्दूत. मराठी अक्षरं पुढं पेपर वाचून वाचून आली. लिहिण्यात चुका निघतील. कुणी दुरुस्त करू नयेत.

माझी नात सहा वर्षांची होती. गल्लीतले तेलुगू लोक तिला पापा म्हणायचे, लहान पोरीला म्हणतात तसं. घरातही तेच पडलं. पापा हाक मारली तर वळायची नाही. तोंडाकडे बघायची नाही. एका जागी बसायची नाही. बसायची ती एकाच ठिकाणी, माझ्या दुकानात. दुरुस्तीची सायकल मी सीट आणि हँडलवर उलटी उभी केली की ही मागच्या चाकाशी जायची, बोटानं चाक फिरवायची आणि कान जवळ नेऊन फ्रीव्हीलची कटकट ऐकत बसायची. चाक थांबलं की पुन्हा. तिला उठवलं की चावायची, स्वतःला किंवा आईला.

एक डॉक्टर म्हणाला ऑटिझम आहे. दुसरा म्हणाला, लक्ष लागत नाही, एवढंच. तिसऱ्यानं दोन्ही आहे म्हणून सांगितलं आणि फी घेतली. गल्लीतले म्हणायचे नजर लागली. शेजारचा बेकरीवाला एकदा मोठ्यानं बोलला, "चाचा, पोरगी को किधर दिखाव ना. ऐसीच छोड दिये क्या?" मी त्याच्याकडून पाव घेणं बंद केलं. आजपर्यंत बंद आहे. बेकरीही बंद आहे.

मुलगा दुबईला वायरमन. घरात मी, सून आणि पापा. म्हणजे जे काही ठरवायचं ते मी ठरवायचं, असा माझा समज होता.

इंग्रजी शाळांचे इंटरव्ह्यू तेव्हा निघाले होते. पोरगी चार वर्षांची असताना तीन शाळांत नेली. सगळीकडे तेच. नाव काय, वय किती, नाक कुठं, हा रंग कोणता. पापा टेबलावरचा पंखा बघत बसायची. तिन्हीकडे नापास. चौथ्या एका शाळेनं घेतली आणि दोन महिन्यांत परत पाठवली, दुसऱ्या पोरांना त्रास होतो म्हणून. सहा वर्षांच्या पोरीच्या नावानं इतके नकार मी ऐकून घेतले होते. नोकरी मागणाऱ्यालासुद्धा एवढे मिळत नाहीत.

त्याच शाळेच्या मोठ्या बाईंकडून सुनेला कळलं, की कुकटपल्लीच्या बाजूला एका संस्थेत अशा पोरांवर संशोधन सुरू होतंय. थोडी पोरं निवडणार, दोन वर्षं फुकट शिकवणार, आईलाही शिकवणार, आणि कशानं फरक पडतो त्याचा अभ्यास करणार. निवड तपासणी करून. सून कितीतरी महिन्यांनी हसली. म्हणाली, "मामंजी, दोन वर्षं हो. दोन वर्षांत पोरगी जेवायला तरी मागंल."

तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली. सून फोन करून आली आणि म्हणाली, "संस्थेतल्या बाई म्हणाल्या, काही तयारी करू नका. जशी आहे तशी आणा."

मी म्हणालो, "जशी आहे तशी? मुलगी दाखवायला कुणी केस न विंचरता नेतं का?"

"ही बघायला येणारी माणसं नाहीत मामंजी."

"निवडणार आहेत ना? मग बघायलाच बसलीत. चार वेळा घरी पाठवलेली पोरगी मी पाचव्यांदा तशीच नेऊ?"

सून गप्प बसली. ती गप्प बसली की मी जिंकलो असं मी धरून चालायचो.

दुसऱ्या दिवसापासून सुरुवात केली. दुकानात उलटी सायकल ठेवली, पण चाकात दांडा घालून अडकवलं. पापा आली, चाक फिरेना. ओरडली, डोकं आपटलं, माझ्या मनगटाचा चावा घेतला. मी दांडा काढला नाही. ती हट्टी, तर मीही तिचाच आजोबा. म्हणालो, "नाव सांग, मग चाक." पाच दिवस असेच गेले. सहाव्या दिवशी तिनं नाव सांगितलं. पूर्ण. आडनावासकट.

सून दारात उभी होती. तिच्या हातातली पिशवी खाली पडली, बटाटे रस्त्यावर गेले. पोरीच्या तोंडून तिचं स्वतःचं नाव तिनं सहा वर्षांत ऐकलं नव्हतं. मी दांडा काढला, चाक फिरलं. त्यानंतर सून मला काही बोलली नाही. उलट मदतीला बसली. तोंडाकडे बघायची युक्ती तिचीच, "कुंकवाकडे बघ, बाळा, कुंकवाकडे." तिसऱ्या आठवड्यात नाव, वय, नाक, रंग, नमस्कार, सगळं एका दमात यायचं आणि मग चाक. मी गल्लीत छाती काढून चालत होतो.

तपासणीच्या दिवशी पापाला नवा फ्रॉक घातला, दोन वेण्या घातल्या. बसमध्ये मी तिच्या कानात म्हणत होतो, "सगळं सांगायचं. मग घरी चाक."

संशोधन करणाऱ्या बाई पुण्याच्या निघाल्या. तिशीच्या असतील. कपाळावर बारीकशी टिकली होती, तीही माझ्या नशिबानं. माझं होकाराचं "हौ, हौ" ऐकून त्यांना हसू आलं, ते त्यांनी रुमालात दाबलं. मला दिसलं. मी मनात म्हटलं, हस. आता बघ आमची पोरगी.

बाईंनी विचारलं, नाव काय? पापानं टिकलीकडे बघून नाव सांगितलं. वय? सांगितलं. नाक कुठं? दाखवलं. हा रंग? लाल. जाताना नमस्कार केला. माझं दुर्दैव असं, की बाईंनीही शाळांसारखंच, त्याच क्रमानं विचारलं. पुढं ठोकळे दिले, ते तिनं ओळीनं लावले. बाई घड्याळ बघून कागदावर खुणा करत होत्या.

मग आमची पाळी. "आजोबा, घरी रडारड, हट्ट?"

"नाही."

"स्वतःला मारून घेणं, चावणं?"

सुनेनं तोंड उघडलं. मी खाकरलो. तिनं पदर हातावर ओढून घेतला.

"आमच्या घरात असलं कुणाला काही नाही," मी म्हणालो. "पोरगी हुशार आहे. तुम्ही घ्या, तुमचं नाव काढंल."

चहा आला. आम्ही बाहेर बाकावर बसलो. तासाभरानं बाईंनी बोलावलं. चेहरा हसरा होता. म्हणाल्या, "आजोबा, एका परीनं आनंदाचीच गोष्ट आहे. ती बरंच करते. ज्यांना याची जास्त गरज आहे अशा मुलांसाठी हा अभ्यास आहे. त्यात ती बसत नाही."

मला कळायला वेळ लागला. जिथं पास झालं की नापास करतात, अशी परीक्षा मी तोवर पाहिली नव्हती. पुढंही पाहिली नाही.

मी म्हणालो, "बाई, हे सगळं पाठ करून घेतलंय. तिला काही कळत नाही."

सत्तावन्न वर्षांत माझ्या घरच्या माणसाबद्दल परक्यापुढं मी असं बोललो नव्हतो. पापाला समोर उभी केली. "नाक कुठंय?" पापानं नाव सांगितलं. "रंग कोणता?" पापानं वय सांगितलं. "बघा! बघा, काही येत नाही तिला!" मी ओरडत होतो आणि पोरगी माझ्या पुढं एकेक उत्तर टाकत होती, नाक दाखवलं, लाल म्हणाली, हात जोडले. सगळं करून झालं आणि ती दाराकडे निघाली. तिच्या हिशेबानं आता घर आणि चाक.

सुनेनं पदर मागं केला. कोपरापासून मनगटापर्यंत चाव्यांचे वण. जुने, नवे. बाईंचं हसू गेलं.

"मी विचारलं तेव्हा का नाही सांगितलंत?" त्या सुनेला म्हणाल्या.

सून माझ्याकडे बघत नव्हती. तेच जास्त लागलं.

बाई म्हणाल्या, "मलाही मध्ये शंका आली होती. पण मोजणी एकदाच करायची, असा नियम आहे. आता तुमच्या सांगण्यावरून बदलली तर बाकीच्यांवर अन्याय होईल. बाहेर आणखी आया बसल्यात." खरंच बसल्या होत्या. त्यांची पोरं जशी होती तशी आणली होती. एक जमिनीवर लोळत होता. त्याच्या आईकडे मी मघाशी कीव करून बघितलं होतं.

"पुढच्या वेळी?" सुनेनं विचारलं.

"बाहेरून पैसे आले तर. आले तर मी स्वतः कळवीन."

पैसे आले की नाही माहीत नाही. बाई दुसऱ्या वर्षी परदेशी गेल्या म्हणतात. त्या दोन वर्षांत कशानं फरक पडतो ते त्यांना सापडलं असेल, त्याचं पुस्तकही झालं असेल. आमच्या गल्लीपर्यंत ते आलं नाही. आता हिमायतनगरात पाच मिनिटं चाललं की अशा पोरांच्या शाळेचा बोर्ड दिसतो, इंग्रजीत, बाजूला फुलपाखरू. फी विचारली की फुलपाखरू उडून जातं. पापा आता तिशी ओलांडून गेली. जेवायला मागत नाही, वाढावं लागतं. लोक मला म्हणतात, चाचा, तुम्हारी गलती नही थी. मी कुणाला विचारलंय? अर्ध्या तासात, एका घड्याळावर माणूस ओळखायला निघालेल्यांना हे लोक काही म्हणत नाहीत.

परतीच्या बसमध्ये सून खिडकीकडे तोंड करून बसली होती. आबिड्सला उतरून आम्हाला दुसरी बस घ्यायची होती. स्टापवर उभं राहिल्यावर ती बोलली.

"पास झालात ना मामंजी. आता पेढे वाटा."

लग्न होऊन आल्यापासून ती मला उलटून बोलली नव्हती. मी बस येते का ते बघायला रस्त्याकडे वळलो.

घर दुकानाच्या मागंच. संध्याकाळी पोचलो तेव्हा शोरूममधले टीव्ही सगळे एकाच वेळी क्रिकेट दाखवत होते. पापा माझा हात सोडून दुकानाच्या शटरपाशी गेली आणि उभी राहिली. मी म्हणालो, "आज दुकान बंद. चल घरात."

ती हलली नाही. शटरकडे तोंड करून तिनं नाव सांगितलं. आडनावासकट. मग वय सांगितलं. नाकाला बोट लावलं. लाल म्हणाली. हात जोडून नमस्कार केला. शटर उघडलं नाही. तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

रस्त्यावरचे दोघेतिघे थांबले. बेकरीवाला दारात आला. सून म्हणाली, "उघडा ना मामंजी. तिनं सगळं केलंय. तुम्ही कबूल केलं होतं."

किल्ली माझ्या खिशात होती. मी म्हणालो, "रस्त्यावर तमाशा करून माझं दुकान उघडत नाही." आणि आत निघून गेलो. आतून ऐकू येत होतं. नाव, वय, मग नाकाच्या वेळी तेवढं शांत, मग लाल. सुनेनं उचलून आणेपर्यंत चाललं होतं. आणल्यावर सुनेचा दुसरा हातही चाव्यात गेला. त्या घरात त्या दिवशी कुणी जेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी दूधवाला यायच्या आधी मी शटर उघडलं. आतली एक सायकल काढून सीट आणि हँडलवर उलटी उभी केली. चाकात घालायचा तो दांडा गटारात फेकला. फ्रीव्हीलला तेल घालायला हात गेला होता, पण तेल घातलं तर कटकट कमी होते, म्हणून डबी परत ठेवली. मग आत जाऊन पापाला झोपेतून उचलून आणलं आणि चाकासमोर बसवलं. तिनं तोंड उघडलं, नाव सांगायला. मी तिच्या ओठांवर हात ठेवला आणि चाक फिरवलं.