तळावरचा अंगठा

पेचकसाचं टोक त्याने होडीच्या तळावर नुसतं टेकवलं होतं. जोर लावलाच नव्हता. भिजलेल्या बिस्किटात जावं तसं टोक आत गेलं आणि दांडा अडला तेव्हाच थांबलं.

रंगारी उकिडवा तसाच बसून राहिला. पेचकस ओढून काढायचंही त्याला सुचेना.

होडी दुरुस्तीच्या आवारात त्याला अंगठेबहाद्दर म्हणत. निरक्षर म्हणून नव्हे. वर्तमानपत्र तो जाहिरातींसकट वाचायचा आणि वर वेल्डरला वाचून दाखवून त्याचं डोकं उठवायचा. कारण वेगळं होतं. कुठल्याही होडीला रंगाचा पहिला हात देऊन झाला की, तो ओला असतानाच, तळाच्या मधल्या कण्याच्या डावीकडे तो आपला उजवा अंगठा दाबायचा. मग दुसरा हात, तिसरा हात. अंगठा झाकला जायचा.

"दिसायचाच नाही, तर दाबतोस कशाला?" वेल्डर विचारायचा.

"मला ठाऊक असतो ना," तो म्हणायचा.

आज आवारात लाकडी घोड्यांवर पालथी पडलेली अ‍ॅल्युमिनियमची होडी त्याच्या थोरल्या बहिणीची होती. ताई रोज तिच्यातून माणसं या तीरावरून त्या तीरावर न्यायची. दवाखान्यातल्या नर्सा, गिरणीतले कामगार, सायकली, एकदा तर शिवणयंत्रासकट एक शिंपी. चार वर्षांपूर्वी तिने ही जुनी होडी घेतली, ती याच्या शब्दावर. होडी तेव्हा पाण्यातच होती. त्याने काठावरून हात फिरवला, आत उतरून दोन उड्या मारल्या आणि म्हणाला, "घे ताई, अजून वीस वर्षं हिला मरण नाही." पुढे ताई अधूनमधून सांगायची, की संध्याकाळी तळातून दोन डबे पाणी निघतं. तो म्हणायचा, "वरून उडालेलं असेल."

सोमवारी होडी पाण्यात उतरवायची होती. म्हणून तीन दिवस तो तळ साफ करत होता. आधी साबणाच्या पाण्याने शेवाळ धुतलं. मग जुना रंग सैल करणारं औषध लावलं आणि प्लॅस्टिकच्या खरवडणीने एकेक थर उतरवायला घेतला. अ‍ॅल्युमिनियमवर तारेचा ब्रश तो कुणाला मारू देत नसे. लोखंडाचे कण पत्र्यात रुतले, की तिथूनच पत्रा सडायला लागतो. मागे एकाने चुकून मारला होता, तर याने त्याचा ब्रश नदीत भिरकावला होता.

निळा रंग गेला. खाली पांढरा निघाला. पांढऱ्यावर जागोजाग फोड होते, आणि फोड फुटला की ओलसर भिंतीला धरते तशी पांढरी भुकटी गळायची. दुपारी पांढराही सुटू लागला. त्याच्या खाली लाल होता.

तो लाल त्याने ओळखला. लाकडी होड्यांना शेवाळ-शिंपले धरू नयेत म्हणून लावतात, तो तांबं घातलेला रंग.

"अरे, कोण हा गाढव!" तो ओरडला. वेल्डर काच वर सारून धावत आला.

"काय झालं? कोण मेलं?"

"अ‍ॅल्युमिनियमला तांब्याचा रंग! तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम म्हणजे दोन सवती. कोरड्यात गोड बोलतात, पाण्यात झिंज्या उपटतात. आणि दर वेळी हीच मरते. खाऊन टाकलाय सगळा पत्रा. ज्याने हे केलं ना, त्याचे हात कलम केले पाहिजेत."

"दोन्ही?" वेल्डर म्हणाला.

"दोन्ही!"

वेल्डर हसत परत गेला, आणि त्यानंतर पाचच मिनिटांनी पेचकस आत शिरला.

बऱ्याच वेळाने रंगारी उठला आणि वाकून पालथ्या होडीच्या खाली शिरला. आत अंधार, जुन्या तेलाचा वास. त्याने मान वर केली. डोक्यावरच्या पत्र्यातून बारीक बारीक ठिकाणी दिवस आत येत होता. ज्या ज्या जागेवरून त्याने रंग काढला होता, तिथे तिथे. म्हणजे पाणी अडवून धरलं होतं ते पत्र्याने नव्हे. निळ्याने आणि पांढऱ्याने. चार वर्षं त्याची बहीण नदीत रंगाच्या पापुद्र्यावर उभी होती, आणि तिच्याभोवती माणसं इकडच्या तिकडच्या गप्पा मारत होती.

तो बाहेर आला. उरलेला पांढरा काढायला हवा, एवढंच त्याला समजत होतं. हात चालत राहिले. कण्याच्या डावीकडे एक मोठी खपली लालचे वरचे दोन थरही घेऊन अख्खी सुटली, आणि खालच्या पहिल्या लाल थरात एक खळगा दिसला. लांबट, कोरीव, मधून तिरपी रेघ गेलेला.

पायाखालची वाळू सरकली असं म्हणतात. त्याच्या पायाखाली सिमेंट होतं आणि ते जागच्या जागी होतं. त्यानेच कण्याला धरलं.

चौदा वर्षांपूर्वी, नदीच्या वरच्या अंगाच्या दुसऱ्या आवारात. तेव्हा हिला छत होतं, दुसरा मालक होता, दुसरं नाव होतं. तिथे आलेली पहिलीच अ‍ॅल्युमिनियमची होडी म्हणून जो तो तिला बघायला यायचा. त्याने जीव लावून लाल रंगाचे दोन हात दिले होते, आणि तिसरा स्वतःच्या मनाने, फुकट. डब्याच्या मागे बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, की अ‍ॅल्युमिनियमला लावू नये. वर्तमानपत्र जाहिरातींसकट वाचणाऱ्याने तो डबा वाचला नव्हता.

"अरे, डबा आणलाय. जेवलास का?"

फाटकातून ताई येत होती. जेवणाचा डबा पिशवीत, होडीची किल्ली नेहमीसारखी गळ्यात.

खरवडणी त्याच्या हातात होती. दोन फटकारे पुरले असते. पत्रा कुणी खाल्ला हे जगात कुणालाच कळलं नसतं. ज्याचे दोन्ही हात त्याने वेल्डरसमोर कलम करायला काढले होते, तो अज्ञात गाढव अज्ञातच राहिला असता. ताई दहा पावलांवर आली, पाच पावलांवर आली. खरवडणीची धार लाल थराला लागली आणि तिथेच थांबली.

"तोंड असं का झालंय तुझं?" ताई म्हणाली. मग तिला पेचकस दिसला, तळातून उभा. "हे काय रोवलंयस?"

"रोवलं नाही. गेलं."

"गेलं म्हणजे?"

त्याने पेचकस उपसला. भोकातून खालचं सिमेंट दिसलं. ताईने त्यात करंगळी घातली, झटकन काढली आणि साडीला पुसली.

"गेल्या आठवड्यात यात बावीस माणसं होती," ती म्हणाली. "बावीस."

"ताई, इकडे बघ."

त्याने आपला उजवा अंगठा त्या खळग्यात ठेवला. नीट बसला. अंगठ्यावरचा तिरपा व्रण रेघेवर बरोबर बसला. तो व्रण ताईचाच होता. तो पाच वर्षांचा असताना तिने ट्रंकेचं झाकण त्याच्या बोटावर आपटलं होतं, आणि आईचा मार खाल्ला होता.

ताईने वाकून अंगठ्याकडे बघितलं. तो वाट बघत होता, की ती आता ओरडेल, हातातला डबा फेकेल, निदान "मेल्या" तरी म्हणेल.

"त्या वर्षी," तिने अगदी हळू विचारलं, "हा रंग आणखी कुणाला लावलास?"

हे त्याच्या मनात आलंच नव्हतं. आतापर्यंत तो स्वतःच्याच अंगठ्यापाशी अडकला होता. आता त्याला ती दुसरी दिसली. हिची जुळी, हिच्यामागोमाग महिन्याभराने आलेली, तिलाही तीन हात दिलेली.

"एक," तो म्हणाला. "शाळेची. वरच्या धक्क्यावरची."

आवाराच्या भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन झाले होते. शाळा चारला सुटायची.

ताईने डबा सिमेंटवर ठेवला आणि "चल" एवढंच म्हणाली. तो निघाला. फाटकातून बाहेर पडताना वेल्डरने मागून हाक मारली, काय रे, सापडला का तो गाढव? त्याने मागे न बघता लाल अंगठा वर केला, आणि ताईच्या पुढे धावत सुटला.