मोझांबिकची बंदूक

"मॅडम, देअर इज अ गन ऑन युअर फ्लॅग!" फोनवर शिरीन मॅडम किंचाळल्याच.

त्या अल ऐनच्या एका शाळेच्या सुपरवायझर. गुरुवारी त्यांचा इंटरनॅशनल डे होता. सगळ्या देशांचे झेंडे आमच्याकडून, म्हणजे दुबईच्या इंटरनॅशनल सिटीतल्या आमच्या प्रेसकडून. आर्टवर्क माझं.

"माझ्या नाही हो, मोझांबिकच्या झेंड्यावर आहे," असं इंग्रजीत सांगून मी घडाघडा सुरू झाले. हिरवा म्हणजे जमीन, काळा आफ्रिका, पिवळा खनिजं, पांढरा शांतता, लाल स्वातंत्र्याचा लढा. पुस्तक शिक्षणाचं, कुदळ शेतीची, बंदूक देशाच्या रक्षणाची.

"ब्यूटिफुल. रिमूव्ह द गन. स्कूल पॉलिसी."

आमचे बॉस हर्षदभाई मागेच उभे. "वैशाली, गुरुवार को उनका सालभर का कॉन्ट्रॅक्ट रिन्यू होना है. गन निकालो, खलास!"

आर्टवर्कमध्ये प्रत्येक चित्र वेगळ्या लेअरवर असतं, एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांसारखं. मी बंदुकीचा लेअर बंद केला. एका क्लिकमध्ये देश निःशस्त्र! उरली पुस्तकावर कुदळ. कुणीतरी अभ्यासक्रम खणायला घेतल्यासारखं दिसत होतं.

मग माझं डोकं फिरलं. उद्या कुणी तिरंग्यातलं चक्र 'हे चाक कशाला' म्हणून काढलं तर? मी हट्टाने खरा झेंडाही छापला आणि पर्समध्ये कोंबला. हर्षदभाईंना सांगितलं नाही.

गुरुवारी झेंडे घेऊन हर्षदभाई आणि मी शाळेत पोचलो. परेड निघाली, देशांच्या नावांप्रमाणे ए टू झेड. मोझांबिकची लुईसा, चौथीतली, दोन वेण्या. झेंडा उलगडून तिने पाहिला.

"धिस इज नॉट माय फ्लॅग," म्हणाली आणि मैदानात फतकल मारून बसली.

मागे नेपाळ अडला, नेपाळवर नायजेरिया आदळला. पाकिस्तान रडायला लागला. स्टेजवर प्रिन्सिपल उभे राहिले. त्यांच्यासमोरच्या फाईलमध्ये आमचं कॉन्ट्रॅक्ट होतं. हर्षदभाई माझ्याकडे डोळे वटारून बघत होते.

शिरीन मॅडम कानाशी आल्या. "ओरिजिनल आहे?"

मी पर्स उघडली. "पण पॉलिसी?"

"हबीबती, यल्ला!" म्हणजे, बाई गं, आटप लवकर!

झेंड्याला काठीसाठी खोळ शिवलेली असते. बिनबंदुकीचा ओढून काढला, खरा चढवला. लुईसाने बंदूक नीट तपासली, मग उठली. झेंडा असा उंच धरला, की शेवटच्या रांगेलाही बंदूक दिसावी. कुणी घाबरलं नाही. प्रिन्सिपल टाळ्या वाजवत होते.

कॉन्ट्रॅक्ट रिन्यू झालं. शिरीन मॅडमनी स्वतः त्यात एक ओळ घातली: झेंडे मूळ नमुन्याप्रमाणे, शस्त्रांसकट.

मी एवढंच शिकले: क्लायंट म्हणेल ते छापावं आणि खरं असेल ते पर्समध्ये ठेवावं.